लेंटमध्ये काय सोडायचं ते ठरवताना आधी ईस्टरचा सोमवार बघा

लेंट म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, तो कपाळाला राख लावून ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या आदल्या रात्री मला दोन-तीन मेसेज हमखास येतात, "यंदा काय सोडतेयस?" आणि मीपण कित्येक वर्षं त्याच रात्री अंथरुणात पडल्या पडल्या काहीतरी ठरवून टाकायचे, गोड सोडते, नाहीतर चहा सोडते, झालं काम. पहिले आठ-दहा दिवस एकदम जोरात, मग एखाद्या दिवशी मोडायचं, मग "आता मोडलंच आहे तर" म्हणत सगळंच सैल. आणि ज्या वर्षी मोडलं नाही त्या वर्षीची तर अजून गंमत, चाळीस दिवसांचं गोड मी ईस्टरच्या एका दुपारी वसूल केलं आणि सोमवारी सकाळी उठले तेव्हा मी अगदी तीच होते जी राख लावायच्या आधीच्या मंगळवारी होते. तोच चिडका स्वभाव, तीच माणसं टाळणं, तोच मोबाईल हातात. चाळीस दिवस गेले कुठे काही पत्ता नाही.

तेव्हापासून मी उलट्या टोकाने सुरुवात करते. बुधवारी काय सोडायचं हे नंतर, ईस्टरच्या सोमवारी काय उरलेलं असायला हवं ते आधी. खाली जे लिहितेय ते ह्या एकाच गोष्टीच्या आजूबाजूचं आहे. मी काही कोणी धर्मशिक्षिका वगैरे नाही, पडत-उठत जे कळलं तेवढंच सांगतेय.

आधी दिवसांचा हिशोब

लेंट म्हणा, उपवासकाळ म्हणा, प्रायश्चित्तकाळ म्हणा, तो राखेच्या बुधवारी चालू होतो. २०२६ ला १८ फेब्रुवारीचा बुधवार आणि ५ एप्रिलचा ईस्टर, २०२७ ला १० फेब्रुवारी आणि २८ मार्च. कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं तर बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस भरतात, त्यातले ६ रविवार काढले की ४०, कारण रविवार म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास नसतो. ३२५ सालच्या निकेयाच्या धर्मपरिषदेच्या नियमांतही ह्या चाळीस दिवसांचा उल्लेख येतो, आणि मुळाशी अर्थातच प्रभू येशूने रानात काढलेले चाळीस दिवस आहेत.

कॅथलिक चर्चचे सक्तीचे नियम तसे फार थोडे आहेत. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे ह्या दोन दिवशी १८ पूर्ण झालेल्यांपासून ५९ वयापर्यंतच्यांनी उपास करायचा, म्हणजे दिवसात एकच पोटभर जेवण, सकाळ-संध्याकाळ थोडंसं काहीतरी. १४ वर्षांवरच्यांनी त्या दोन दिवशी आणि शुक्रवारी मांस वर्ज्य, शुक्रवारच्या बाबतीत आपापल्या देशातले बिशप वेगळं काही ठरवू शकतात. आजारी माणसं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका ह्यांना सूट. ऑर्थोडॉक्स मंडळींचं ह्याहून कितीतरी कडक असतं, मांस, मासे, अंडी, दूधदुभतं सगळंच बंद आणि त्यांचा सुरू होतो सोमवारी. प्रोटेस्टंट चर्चमध्ये बहुतेक ठिकाणी ज्याच्या-त्याच्या मनावर. पोप सहावे पॉल ह्यांनी १९६६ साली उपासाचे जुने नियम बरेच सैल केले तेव्हा विचार असा होता की पोटाचं बंधन कमी झालं तरी लोकांनी प्रार्थना आणि सेवा ह्यातून स्वतःहून प्रायश्चित्त करावं, आपण मात्र त्यातलं पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसरं सोडून दिलं असं मला वाटतं.

एक महत्त्वाचं इथेच सांगून टाकते. ज्यांना शुगरचा त्रास आहे, गोळ्या चालू आहेत, किंवा ज्यांचं खाण्याशी आधीच भांडण आहे, कमी खाणं, उलट्या काढणं, सारखं वजन बघणं असं काही, त्यांनी जेवणाला हात लावू नका. खरंच नका लावू. त्याग करायला बाकी शंभर गोष्टी आहेत.

सोमवारचा कागद

आता मुख्य काम. राखेच्या बुधवारच्या निदान चार-पाच दिवस आधी एक कागद घ्या, वर लिहा "ईस्टरचा सोमवार", आणि खाली दोन प्रश्नांची उत्तरं. त्या दिवशी माझ्यात काय वेगळं असायला हवं? आणि ते वेगळेपण कोणाला कळेल?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे आणि तिथेच घोडं अडतं. गोड सोडलं तर कोणाला कळेल? फार तर माझ्या जीन्सच्या बटणाला. ज्या त्यागाचा फरक जगात एकाही माणसाला पडत नाही तो बहुतेक वेळा डाएट असतो, देवाचं नाव लावलेलं डाएट. डाएट वाईट नाही हो, पण ते जानेवारीत करा.

माझ्या कागदावर पहिल्यांदा जे नाव आलं ते माझ्या मोठ्या भावाचं. आमच्यात भांडण असं झालेलं नव्हतं, पण जुन्या एका विषयावरून जरा तुटलं होतं आणि मग फोन फक्त वाढदिवसाला आणि नाताळला. नाव लिहिल्यावर मी दहा मिनिटं तशीच बसून होते कारण सोपं काहीतरी लिहावं असं फार वाटत होतं.

मग मागे मागे यायचं. सोमवारी दादाशी नीट बोलणं चालू असायला हवं, तर त्यासाठी काय लागेल? वेळ. तो वेळ सध्या कोण खातंय? रात्री जेवणानंतर मी साडेआठ ते साडेनऊ रील्स बघत पडायचे, रोज, अगदी नियमाने, तेवढ्या नियमाने मी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थनासुद्धा कधी केली नाही. म्हणजे सोडायचं काय ते आपोआप समोर आलं. रात्रीचे रील्स बंद, आणि त्या तासातली वीस मिनिटं आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी दादाला फोन, बाकीच्या दिवशी थोडी प्रार्थना आणि लवकर झोप. त्यागाला असा पत्ता लागतो, नाहीतर तो पाकिटात घालून नुसता ठेवून दिलेल्या पत्रासारखा राहतो.

तुमचं नाव वेगळं असेल. कोणाचे घेतलेले पैसे परत द्यायचे राहिलेत, कोणी म्हातारं माणूस वाट बघत असतं, ऑफिसात एक जण आहे ज्याच्याबद्दल तुम्ही रोज जेवताना काहीतरी बोलता. घरातच असेल, नवरा, बायको, मुलगी जी काहीतरी सांगत असते आणि आपण स्क्रीनकडे बघत "हं हं" करतो.

किंमत कोण देतंय ते बघा

बायबलच्या जुन्या करारात दावीद राजाची एक गोष्ट आहे, २ शमुवेलच्या अगदी शेवटच्या अध्यायात. त्याला वेदी बांधून अर्पण करायचं असतं, खळ्याचा मालक म्हणतो महाराज, खळं घ्या, बैल घ्या, लाकडंपण घ्या, सगळं असंच घ्या. दावीद म्हणतो नाही, मी विकतच घेणार, ज्याची मला काही किंमत पडली नाही असं अर्पण मी देवाला देणार नाही, आणि चांदीचे पन्नास शेकेल मोजून देतो. मला ही गोष्ट फार आवडते कारण फुकटात पुण्य मिळत असताना राजाने ते नाकारलं.

पण आपण बऱ्याचदा ह्याच्याही पुढे जातो, आपण त्याग करतो आणि बिल दुसऱ्याला लावतो. एका वर्षी मी चहा-कॉफी दोन्ही एकदम सोडलं. डोकं ठणकायचं, सकाळी कोणी साधं "कपडे वाळत घातलेस का" विचारलं तरी मी अंगावर जायचे. पाचव्या दिवशी आई म्हणाली, "बाई गं, तू आपला चहा घे, पण आमचं रक्त पिणं थांबव." मी रुसले वगैरे, पण नंतर कधीतरी वाचलं की ३८७ साली अंत्युखिया ह्या प्राचीन शहरात संत जॉन क्रिसोस्तोम ह्यांनी उपासाच्या दिवसांत लोकांना हेच सुनावलं होतं, पक्षी आणि मासे वर्ज्य करता आणि भावाला चावून खाता, मग उपयोग काय, उपास नुसता तोंडाने नको, डोळ्यांनी, कानांनी, हातांनीपण करा. आईने ते वाचलेलं नव्हतं.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू ज्या लोकांना झापतो तेही असेच, आईबापांना द्यायचे पैसे "हे देवाला वाहिलंय" म्हणून मोकळे झालेले. तर कागदावर जे ठरवलंत त्याच्यासमोर हा प्रश्न लिहा, ह्याची किंमत मी देतोय की घरचे? रोज संध्याकाळी दीड तास चर्चमध्ये बसायचं ठरवलं आणि त्या वेळात लहान मुलं आणि स्वयंपाक एकट्या बायकोच्या गळ्यात, तर त्याग तिचा झाला, तुमचा नाही. चहाचंच म्हणाल तर तो एकदम न तोडता आधीच्या आठवड्यात कमी कमी करत आणला तर डोकं एवढं ठणकत नाही, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

पाप सोडणं आणि त्याग करणं ह्यात गोंधळ नको

खूप जण म्हणतात, यंदा मी शिव्या देणं सोडणार, खोटं बोलणं सोडणार. चांगलंच आहे, पण तो त्याग नाही हो. ते तर बारा महिने सोडायचंच असतं. त्याग म्हणजे जे चांगलं आहे, माझ्या हक्काचं आहे, ते मी काही दिवसांसाठी हातातून बाजूला ठेवतो. मांस खाणं पाप नाही, सिनेमा बघणं पाप नाही.

आणि ह्यावरूनच रविवारचा वादपण सुटतो. दरवर्षी कोणीतरी विचारतंच, रविवारी सोडलेलं खाल्लं तर चालतं का? चांगली गोष्ट बाजूला ठेवली असेल तर रविवारी आनंदाने घ्या, तो सणाचाच दिवस आहे, ज्यांना सलग बरं पडतं त्यांनी सलग करा. पण जुगार, दारूचं व्यसन, कोणाची निंदा असलं काही सोडलं असेल तर रविवारी सुट्टी कसली?

मला जे उपयोगी पडलं ते म्हणजे जोडी लावणं. एक चांगली गोष्ट चाळीस दिवसांसाठी बाजूला आणि तिच्या शेजारचीच एक सडकी गोष्ट कायमची बाहेर. दोघींचा एकमेकींशी संबंध हवा. रात्रीचं स्क्रीन ठेवून दिलं की झोप नीट होते आणि सकाळचा संताप कमी होतो. बाहेरचं खाणं थांबवलं की ते पैसे आणि ती उधारीची सवय दोन्ही नजरेला येतात. चांगल्या गोष्टीला नाही म्हणायची हाताला सवय लागली की वाईट गोष्टीच्या वेळी तोच हात थोडा लवकर हलतो, एवढाच ह्या सगळ्यामागचा हिशोब आहे.

लहान ठेवा, आणि एकाच माणसाला सांगा

उत्साहात पाच गोष्टी ठरवू नका. एक सोडायची, एक करायची, बास. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट ह्यांनी मठासाठी जी नियमावली लिहिली तिच्या ४९ व्या अध्यायात लेंटबद्दल लिहिलंय, त्यात ते म्हणतात की साधूचं आयुष्य खरं तर कायमच लेंटसारखं असायला हवं, पण एवढी ताकद फार थोड्यांत असते, म्हणून निदान ह्या दिवसांत प्रत्येकाने नेहमीपेक्षा थोडं जास्त काहीतरी द्यावं, खाण्यातून, पिण्यातून, झोपेतून, बडबडीतून, थट्टामस्करीतून, आणि आनंदाने द्यावं. थट्टामस्करी लिस्टमध्ये आहे हे बघून मला हसू आलं, म्हणजे पंधराशे वर्षांपूर्वीपण कोणीतरी एक ब्रदर सारखा विनोद करत असणार.

पण पुढची ओळ कामाची आहे. जे काही अर्पण करणार ते मठप्रमुखाला सांगायचं आणि त्याच्या संमतीने करायचं, नाहीतर तो मोठेपणा समजला जाईल. इकडे मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो उपास करताना तोंड पाडून बसू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना कळू देऊ नका. मग सांगायचं की लपवायचं? मला वाटतं एका माणसाला सांगायचं, जो आपल्याला "एवढं नको, झेपणार नाही" किंवा "हे फारच सोपं निवडलंस" असं तोंडावर बोलू शकेल, फादर असतील, जुनी मैत्रीण असेल. आणि बाकी सगळ्यांपासून झाकून. स्टेटसला टाकायचं नाही. अर्थात जेवणाशी संबंध असेल तर घरात जो स्वयंपाक करतो त्याला आधी सांगा, ताटावर बसल्यावर "मी हे सोडलंय" जाहीर करणं म्हणजे त्याच्या मेहनतीवर पाणी.

रिकामी जागा भरायची कशाने

मत्तयच्या १२ व्या अध्यायात एक भीतीदायक गोष्ट आहे, अशुद्ध आत्मा घरातून निघून जातो, परत येऊन बघतो तर घर झाडलेलं, सजवलेलं, पण रिकामं. मग तो आपल्याहून वाईट असे आणखी सात घेऊन येतो. नुसतं सोडलं आणि जागा रिकामी ठेवली की असंच होतं, रील्स सोडले आणि त्या वेळात ऑनलाइन खरेदी सुरू, हे माझंच उदाहरण.

उपास, प्रार्थना, दान ही तीन नावं एकत्र येतात ती ह्यासाठीच. सोडल्यातून जे मोकळं होतं ते तीनच प्रकारचं असतं, वेळ, पैसा आणि लक्ष. वेळ आणि लक्ष प्रार्थनेला किंवा माणसाला, पैसा गरजवंताला. पैशांचं एक पक्कं सांगते, ज्या दिवशी वाचले त्याच दिवशी बाजूला काढा, डब्यात नाहीतर वेगळ्या खात्यात. शेवटी एकदम हिशोब करून देऊ म्हणाल तर ते पैसे तोवर भाजी आणि रिचार्जमध्ये विरघळलेले असतात. आणि द्यायचे कोणाला ते आधीच ठरलेलं हवं. जुन्या करारातल्या यशयाच्या पुस्तकात ५८ व्या अध्यायात देव विचारतो मला आवडणारा उपास कुठला, आणि उत्तरात येतं भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणं, बेघराला घरात घेणं, उघड्याला पांघरूण घालणं. राखेच्या बुधवारनंतर दोनच दिवसांनी, शुक्रवारच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, हे वाचन असतं, तेवढं एक चुकवू नका.

रोजचं कसं सांभाळायचं

"मी कमी मोबाईल वापरेन" ह्याला काही अर्थ नाही, कमी म्हणजे किती, कधी? वाक्य असं हवं: जेवण झालं की फोन कपाटात, चार्जरपण तिथेच. जेव्हा अमुक होईल तेव्हा मी तमुक करेन, ह्या पद्धतीवर पीटर गोल्विट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने बरंच काम केलंय, १९९९ चा त्यांचा लेख प्रसिद्ध आहे, आणि नुसत्या चांगल्या इच्छेपेक्षा असं वेळ-जागेला बांधलेलं ठरवणं जास्त पार पडतं हे त्यात दिसतं.

नोंद ठेवा. इथे मला संत इग्नाशियस लोयोलांची पद्धत फार पटते, त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात, जे १५४८ ला छापलं गेलं, त्यात चक्क तक्ता आहे. एकच दोष निवडायचा, सकाळी उठल्या उठल्या आठवायचा, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर तपासायचं किती वेळा घसरलो, आणि प्रत्येक दिवसाच्या दोन रेघांवर तेवढे टिंब द्यायचे. मग सकाळची रेघ संध्याकाळशी, आज कालशी, हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून बघायचा. आणि घसरलं की लगेच छातीवर हात ठेवायचा, लोकांत असलो तरी कोणाच्या लक्षात येत नाही. मी हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर करते, घरचे समजतात दूधवाल्याचा हिशोब.

ठरवलेल्या त्यागापेक्षा न ठरवलेला जड असतो, त्याला जागा ठेवा. संत तेरेजा, लिझ्यूची, २४ व्या वर्षी १८९७ ला गेली, तिने लिहून ठेवलंय की कॉन्व्हेंटात कपडे धुताना समोरची एक सिस्टर तिच्या तोंडावर सारखं घाण पाणी उडवायची. पहिला विचार आला मागे सरून तोंड पुसावं म्हणजे तिला कळेल, मग तिने ठरवलं काहीच दाखवायचं नाही. आपल्याकडे घाण पाणी म्हणजे लांबलेली रांग, तेच तेच सांगणारे काका, कामाच्या मध्ये वाजलेली बेल. दिवसातून असं एक तोंड न पुसता घेतलं तरी पुष्कळ. हो, पण हे त्रास देणाऱ्याला मोकळं रान देण्यासाठी नाही. मारहाण, छळ असेल तर तो सहन करणं हा लेंटचा त्याग नाही, तिथून बाहेर पडा आणि मदत मागा.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातला कंटाळा

सुरुवातीची राख पुसली गेलेली असते, ईस्टर अजून लांब, आणि मग वाटायला लागतं की कशाला हे सगळं. नवीन काही नाही त्यात. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातल्या इव्हाग्रियस नावाच्या साधूने ह्याला भर दुपारचा सैतान म्हटलंय, साधू सारखा बाहेर डोकावून सूर्याकडे बघतो जेवणाची वेळ कधी होतेय, दिवस पन्नास तासांचा वाटतो, मग जागाच वाईट आहे, बाकीचे साधू प्रेमळ नाहीत असं सुचायला लागतं. चर्चलापण हे ठाऊक असावं, म्हणून चौथ्या रविवारी जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्रं असतात, जरा श्वास घ्यायला. इग्नाशियसचा ह्यावरचा उपाय मी वापरून बघितलाय, ज्या दिवशी प्रार्थनेचा ठरलेला तास संपायच्या आधी उठावंसं वाटतं त्या दिवशी उलट थोडं जास्त बसायचं. प्रार्थना पंधरा मिनिटांची असेल तर कंटाळ्याच्या दिवशी सतरा मिनिटं. दोनच मिनिटं, पण मन परत लवकर कटकट करत नाही.

आणि मोडलं तर? मोडणारच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर सवयींचा अभ्यास केला होता, २००९ ला आला, त्यात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात काही मोठा फरक पडला नाही. म्हणजे बिघडवतो तो चुकलेला दिवस नाही, त्यानंतरचं "आता जाऊ दे". रात्री टिंब द्या, छातीवर हात ठेवा, सकाळी परत. मोठं काही घडलं असेल तर कन्फेशन आहेच, लेंटमध्ये फादर त्यासाठी जास्त वेळ बसतात.

ईस्टरनंतरचे पन्नास दिवस

त्याच अभ्यासात अजून एक आकडा आहे जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८, कोणाला २५४ पर्यंत लागतील असा अंदाज. म्हणजे नुसत्या लेंटमध्ये बहुतेकांची सवय पक्की होतच नाही. राखेच्या बुधवारपासून ६६ दिवस मोजा, ईस्टरचा तिसरा आठवडा येतो, आणि आपण तर पहिल्याच दुपारी सगळं सोडून दिलेलं असतं. पण चर्चने ईस्टरनंतर पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, ५० दिवसांचा पुनरुत्थानकाळ दिलाय तो कशाला? उपासाचा नाही तो, आनंदाचा आहे, पण जे नवं उगवलंय त्याला पाणी घालायलाही तेवढेच दिवस मिळतात.

म्हणून ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात, आज्ञा गुरुवारच्या (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाच्या) आधी, तो सोमवारचा कागद परत काढा आणि तीन गोष्टी लिहा: काय पूर्ण परत येणार, काय अर्धंच परत येणार, काय परत येणारच नाही. गोड परत, बिनधास्त. बाहेरचं खाणं महिन्यातून दोनदाच. जेवताना फोन, कधीच नाही. असं स्पष्ट. न लिहिता ईस्टरला गेलात तर सगळंच परत येतं, माझा अनुभव आहे.

आणि काही गोष्टी अशा असतात ज्या एकदाच करायच्या पण कायमच्या राहतात. जक्कय आठवा, लूकच्या १९ व्या अध्यायातला श्रीमंत जकातदार. येशू त्याच्या घरी येतो आणि तो उभा राहून म्हणतो अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कोणाला फसवून घेतलं असेल तर चौपट परत. कोणाचं देणं असेल, माफी मागायची असेल, कोणाबद्दल पसरवलेली खोटी गोष्ट मागे घ्यायची असेल तर गुड फ्रायडेच्या आत उरकून टाका, ते चाळीस दिवसांच्या गोडापेक्षा जड आहे आणि परत उचलावं लागत नाही.

माझं काय झालं ते सांगते. दादाला फोनचा वार मी बुधवार ठरवला होता, राखेच्या बुधवारीच पहिला केला, तो इतका दचकला की पहिलं वाक्य "काय झालं, सगळे ठीक ना?" पहिले दोन-तीन फोन अगदी कोरडे, हवा-पाणी, मुलांची शाळा, चार मिनिटांत संपायचे. चौथ्यात त्याने स्वतःच तो जुना विषय काढला आणि आम्ही दोघंही थोडं रडलो, थोडं भांडलो. ईस्टर झाला, त्या सोमवारी मी कागद बघितला, बरं वाटलं, आणि बुधवारी चक्क विसरले. पावणेनऊला फोन वाजला. "काय गं, आज सुट्टी का?"